तेओपिस्तो बाल्दोसाची गव्हर्नरकी

नोरात दाकुलावर गोळ्या झाडल्या त्या सकाळी तेओपिस्तो बाल्दोसा मासळीबाजारात त्याच्या शेजारीच उभा होता. दोघे वकील मित्र खेकडे घ्यायला आले होते. नोरातने एक खेकडा उलटा केला, चष्मा कपाळावर चढवून त्याचं पोट दाबून पाहिलं आणि विकणारीला म्हणाला, "पोलोन, हा तुझा खेकडा आमच्या जज्जासारखा आहे गं. बाहेरून केवढा भारदस्त, आत नुसतं पाणी."

पोलोन हसायला लागली आणि तेवढ्यात आवाज झाले.

पुढचं आपल्याला धड आठवत नाही, असं तेओपिस्तो जन्मभर सांगत आला. पण आठवत सगळं होतं. तो फळीखाली होता. कान दाबून, गुडघे पोटाशी घेऊन, बर्फाच्या पाण्यात आणि खवल्यांत. समोर पोलोनचे रबरी बुटांतले पाय दिसत होते. बाजार उधळला, टोपल्या लवंडल्या, माणसं एकमेकांच्या अंगावरून पळाली. ते पाय मात्र पळाले नाहीत. दोन पावलं पुढे झाले. आणि पोलोन अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "बुलावान! अरे मुडद्या, पाहिलंय मी तुला! बुलावान!"

बुलावान म्हणजे सोनं. पुढचा एक दात सोन्याचा, म्हणून त्या माणसाला हे नाव पडलं होतं. डॉन गाउदियोसो व्हेलारमोंते यांच्या नारळाच्या बागांवर तो मुकादम होता. प्रांतातल्या निम्म्या बागा डॉन गाउदियोसोंच्या. उरलेल्या निम्म्या त्यांच्या भाच्या-पुतण्यांच्या. हुकूमशहा देश सोडून पळाला, त्यानंतरची ती पहिली प्रांतिक निवडणूक. डॉन गाउदियोसोंच्या थोरल्या मुलाविरुद्ध गव्हर्नरपदाला उभं राहायची हिंमत एकट्या नोरातने केली होती.

तेओपिस्तोला कुणी बोल लावला नाही. पाद्री म्हणाला, "गोळी चुकवणं हे काही पाप नव्हे." त्याची बायको पुरा हिने तो सदरा दोनदा धुतला, वास जाईना तेव्हा घरामागे नेऊन जाळला.

नोरातशी त्याची मैत्री कॉलेजातली. तेओपिस्तोचा बाप माडी काढायचा. एका पावसाळी सकाळी माडावरून पाय घसरला आणि खाली आला तो उठलाच नाही. आईने खारवलेली मासळी डोक्यावरून विकून पोराला सेबू शहरात वकिली शिकायला पाठवलं. पहिल्या खेपेला तो सनदेच्या परीक्षेत आपटला. नोरात पास झाला होता, पण त्याने गावी जाऊन पाटी लावली नाही. सेबूतच एका दुकानात हिशेब लिहीत राहिला आणि तेओपिस्तोकडून सगळा अभ्यास पुन्हा करून घेतला. "तू लिहितोस चांगलं, मी भांडतो चांगलं," तो म्हणे. "एकाला सोडून दुसऱ्याचं दुकान चालायचं नाही."

दुकान चाललं. बेकरीच्या वरच्या खोलीत दोघांची कचेरी होती. अशिलं बहुतेक कुळंच. कुणाला बागेतून हाकलून दिलेलं, कुणाचं खोबरं जप्त केलेलं. फी म्हणून केळ्यांचा घड यायचा, कधी कोंबडी, कधी मधाची बाटली. नोरात कोर्टात गर्जायचा, त्या गर्जनेची कलमं तेओपिस्तोने आदल्या दिवशी लिहून दिलेली असायची. तेओपिस्तोला मुलगी झाली तेव्हा नोरात धर्मपिता म्हणून उभा राहिला. तेव्हापासून दोघे एकमेकांना 'पारे' म्हणत, आणि नोरातची बायको सिद्राही तेओपिस्तोला पारेच म्हणे.

नोरातच्या मरणानंतर नऊ दिवसांची प्रार्थना चालू होती. अंगणात बाया भाताच्या खिरीची पातेली ढवळत होत्या, पुरुष पत्ते खेळत बसले होते, आणि पक्षाची माणसं ओसरीवर सिद्राला गळ घालत होती की आता तूच उभी राहा. सिद्रा शाळामास्तरीण. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला तीन पोरं आहेत. शिवाय मला भाषण येत नाही, रडू येतं." मग ती तेओपिस्तोकडे वळली. "पारे, त्याची सगळी भाषणं तूच लिहिलीस ना? मग आता बोल."

गव्हर्नरपदाच्या अर्जाची मुदत प्रार्थनेच्या दिवसांतच उलटली. पण प्रांतिक मंडळाच्या अर्जाला अजून वेळ होता; त्या जागेसाठी तो उभा राहिला आणि लोकांनी नोरातच्या नावाने त्याला भरभरून मतं दिली. प्रत्येक सभेत तो एकच वाक्य म्हणून खाली बसे, "नोरातचा खटला मी शेवटापर्यंत चालवीन." टाळ्या थांबत नसत. त्या टाळ्या आपल्या नाहीत हे त्याला कळत होतं. तरी त्या ऐकायला बऱ्या वाटत, हेही.

खटला त्याने खरोखरच चालवला. बुलावानला पकडलं होतं. सरकारी वकिलाच्या बाजूला सिद्राचा वकील म्हणून तेओपिस्तो बसे. पण आज जज्ज आजारी, उद्या कागद गहाळ, परवा आरोपीच्या वकिलाची सासू वारलेली. तीन जज्ज बदलले. पोलोन दर तारखेला खेकड्यांची टोपली भाचीवर सोपवून कोर्टात येई, बाहेरच्या बाकावर बसे आणि संध्याकाळी साक्ष न देताच परत जाई. "अ‍ॅटर्नी," ती एकदा म्हणाली, "मी म्हातारी होईपर्यंत विचारणारेत का मला? मग दिसायचंही नाही हो कोण उभा आहे पिंजऱ्यात."

याच काळात तेओपिस्तो मंडळातून उपगव्हर्नर झाला. नंतर गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि पडला. पडला तो व्हेलारमोंत्यांच्याच मतांनी. त्या प्रचारात एक दिवस डोंगरातल्या एका वाडीवरून तो खाली उतरत होता, आणि वाटेत चार माणसं बांबूला झोळी बांधून एका बाळंतिणीला घेऊन जाताना भेटली. तोही खांदा द्यायला लागला. डांबरी रस्ता यायच्या आधीच बाई गेली. तिच्या नवऱ्याने झोळी खाली ठेवली, तेओपिस्तोकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, रस्ता असता ना." बस, एवढंच. त्या दिवसापासून रस्ता त्याच्या डोक्यातून गेला नाही. पुढे जे झालं त्याला रस्ता हेच कारण होतं असं तो स्वतःला समजावत असे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

डॉन गाउदियोसोंचा थोरला मुलगा दारूने गेला. धाकटी मुलगी होती, तिला त्यांना काँग्रेसमध्ये, म्हणजे मनिलाच्या संसदेत, पाठवायचं होतं. गव्हर्नरपदाला घरातलं कुणी उरलं नव्हतं. एका रविवारी दुपारी त्यांनी तेओपिस्तोला कोंबड्यांच्या झुंजीला बोलावलं. म्हातारा मांडीवर एक तांबडा कोंबडा घेऊन कुरवाळत बसला होता.

"ये पोरा, बस," ते म्हणाले. "तुझा बाप माझ्याच माडांवर चढायचा, ठाऊक आहे ना? चांगला माणूस. माडीत कधी पाणी घातलं नाही त्याने."

"तुमच्याच माडावरून पडला तो."

"पडला खरा. त्याच्या शवपेटीला लाकूड मीच दिलं होतं." ते कोंबड्याच्या मानेवरून बोट फिरवत राहिले. "तुला डोंगरात रस्ता हवाय म्हणे. माझी मुलगी मनिलातून पैसा आणील, तू इथे खडी टाक. तुझी मतं आणि माझी मतं एका टोपलीत घातली तर मोजायला तरी कोण बसणार?"

"आणि खटला?"

"कसला खटला?" म्हाताऱ्याने खरंच नवल वाटल्यासारखं विचारलं. "गव्हर्नरला वकिली करता येत नाही. कायदाच आहे तसा. तू वकील, मी काय सांगू तुला?"

खटल्याबद्दल याहून जास्त काही बोलणं झालं नाही. कुणी काही मागितलं नाही, कुणी काही कबूल केलं नाही. तेओपिस्तोने अर्ज भरला आणि कायद्याला धरून खटल्यातून अंग काढून घेतलं. सिद्रासाठी त्याने एक नवा वकील नेमून दिला. पोरगा हुशार होता, पण अजून जज्जासमोर उभं राहिलं की घाम पुसायचा.

नेमकी त्याच महिन्यात पोलोनच्या साक्षीची तारीख लागली. आदल्या दिवशी ती प्रचाराच्या कचेरीत आली. भिंतीवर तेओपिस्तोचं आणि डॉन गाउदियोसोंच्या मुलीचं शेजारी शेजारी हसणारं पोस्टर होतं. पोलोनने ते वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अ‍ॅटर्नी, उद्या बोलवलंय मला."

"हो, कळलं."

"मग काय सांगू?"

"म्हणजे काय? जे पाहिलंस ते सांग."

"ते मी त्याच दिवशी सांगितलं, अख्ख्या बाजारात. आता विचारते कारण माझ्या भाचीच्या नवऱ्याला काल त्यांच्या बागेतून काढलंय. आणि तुम्ही," तिने हनुवटीने पोस्टर दाखवलं, "तुम्ही इथे आहात."

तेओपिस्तोने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. म्हणाला, "पोलोन, खूप वर्षं झाली. जेवढं नक्की आठवतंय तेवढंच सांग. जास्त नको."

तिने पुन्हा एकदा पोस्टरकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात ती म्हणाली, गर्दी होती, नीट दिसलं नाही, सोन्याचे दात बऱ्याच जणांना असतात. बुलावान सुटला. तेओपिस्तो गव्हर्नर झाला, प्रांताच्या इतिहासात कुणाला मिळाली नव्हती एवढ्या मताधिक्याने. शपथविधीला सगळे आले. पोलोन पुन्हा कधी त्याच्याशी बोलली नाही. त्याच्या घरच्या मोलकरणीला मात्र खेकडे देत राहिली, इतरांना द्यायची तेच, त्याच भावाने.

रस्ता झाला. तो आधी व्हेलारमोंत्यांच्या बागांतून फिरला, त्यांचं खोबरं ट्रकमध्ये चढायला लागलं, आणि मग उरलेल्या पैशात डोंगराच्या निम्म्यापर्यंत पोचला. पुढची निम्मी वाट लोक अजून झोळी घेऊन उतरत.

दुसऱ्या वर्षी वादळाने अर्ध्या शहराची छपरं उडवली. पत्रे वाटायला प्रांत-कचेरीसमोर रांग लागली. तेओपिस्तो स्वतः टेबलाशी बसला होता, फोटोवाले आले होते. मान वर केली तर समोर सिद्रा. केस पांढरे झालेले, हातात भिजलेली छत्री. ती सकाळपासून रांगेत उभी होती.

तो धडपडत उठला. "सिद्रा! अगं, तू रांगेत कशाला? निरोप पाठवायचास, मी घरी आणून—"

"गव्हर्नर," ती म्हणाली, "माझं स्वयंपाकघर उघडं पडलंय. सहा पत्रे लागतील. तुमच्याकडे असतील तेवढे द्या."

आजवर 'पारे' आणि 'तू' म्हणणारी बाई 'तुम्ही' म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्याने माणसाला बारा पत्रे तिच्या घरी टाकायला सांगितले. संध्याकाळी सहा पत्रे परत आले.

दुसरी मुदत संपता संपता डॉन गाउदियोसोंच्या मुलीने लग्न केलं आणि नवऱ्याला गव्हर्नर व्हायची हौस आली. तेओपिस्तोला कुणी काही कळवलं नाही. एका सभेत व्यासपीठावर त्याची खुर्ची मांडलेली नव्हती, तेव्हा त्याला समजलं. तो हट्टाने अपक्ष उभा राहिला. ज्या वाड्यांनी त्याला नोरातच्या नावाने डोक्यावर घेतलं होतं त्यांच्याकडे गेला. लोकांनी बसायला दिलं, कॉफी दिली, मत दिलं नाही. निकालाच्या दिवशी त्याच्या बायकोने, पुराने, बेकरीवरची टाळं लावलेली खोली उघडून झाडून घेतली. "निदान ही तरी आपली आहे," ती म्हणाली.

खोलीत अशिलं फारशी येत नसत. यायची ती सही-शिक्क्यापुरती. रस्त्यात माणसं अजून गव्हर्नरचं "गोव्ह" करून हाक मारत, आणि त्यातला मान किती अन् टोमणा किती हे तो शोधत बसे.

अशात प्रांताच्या तुरुंगातून निरोप आला की बुलावान भेटायला बोलावतोय.

बुलावानने दारूच्या अड्ड्यावर एकाला भोसकलं होतं आणि या खेपेला व्हेलारमोंत्यांकडून कुणी आलं नव्हतं. म्हातारा मुकादम त्यांच्या कामाचा राहिला नव्हता. तेओपिस्तो गेला. गव्हर्नर असताना या तुरुंगाचा कारभार त्याच्याच हाताखाली होता. तो इथे एकदा येऊन नव्या स्वयंपाकघराची फीत कापून गेला होता. त्या दिवशी आत पाऊल टाकलं तेव्हा मुताचा, घामाचा, शिळ्या भाताचा वास नाकात गेला. दहा जणांच्या कोठडीत माणसं पाळीपाळीने झोपत होती. बुलावान भिंतीला टेकून बसला होता. खोकला की फडक्याला रक्त लागत होतं. सोन्याचा दात गेला होता. इथे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी उपटून घेतला होता.

"गोव्ह, कागद आणलाय का?" तो म्हणाला. "मला सांगायचंय सगळं. म्हाताऱ्याने सांगितलं म्हणून मी केलं. घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून सांगितलं त्याने."

तेओपिस्तोच्या हातात पेन होतं. ज्या खुनातून बुलावान सुटला होता त्यासाठी त्याच्यावर पुन्हा खटला भरता येत नव्हता. पण हुकूम देणाऱ्यावर भरता येत होता. तो लिहीत गेला. बंदूक कुणी दिली, गाडी कुणाची, बाजारात कुठल्या दाराने शिरला.

"मग म्हातारा म्हणाला, दोघे असतील. चष्मेवाल्याला उडव. दुसऱ्याला हात लावू नकोस."

तेओपिस्तो थांबला. "का?"

"मी पण विचारलं. म्हटलं, डॉन, लिहिणारा तर तो दुसराच आहे ना. म्हातारा हसला. म्हणाला, तो राहू दे. तो आपल्या कामाचा आहे." बुलावान खोकला, फडकं पाहिलं, घडी घातली. "हे लिहू नका हवं तर, गोव्ह. तुमची मर्जी."

तेओपिस्तोने ते लिहिलं. अक्षर वाकडं झालं, म्हणून खोडून पुन्हा लिहिलं.

कोर्टात नेण्याआधी तो जबाब घेऊन सिद्राच्या घरी गेला. तिच्या संमतीशिवाय त्याला पाऊल टाकायचं नव्हतं. ती माडीच्या व्हिनेगरच्या बाटल्या भरत होती. हात पुसून समोर बसली. त्याने पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. म्हाताऱ्याच्या त्या वाक्याशी आला, तेही वाचलं.

"ते पुन्हा वाचा," सिद्रा म्हणाली.

त्याने पुन्हा वाचलं.

बाहेर कुणाचं तरी डुक्कर कुंपणाला अंग घासत होतं. सिद्रा उठली, खिडकीतून त्याला हाकललं, परत येऊन बसली.

"इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होते," ती म्हणाली, "की तू नंतर बदललास. खुर्चीने बदललास." बोलता बोलता ती 'तू'वर आली होती, तिच्या लक्षातही आलं नसावं. "नोरात तुला भाऊ म्हणायचा. मी तुला ओळखते असं मला वाटायचं. आणि त्या म्हाताऱ्याने तुला एकदाच पाहिलं असेल, नाही का, कुठेतरी कोर्टाच्या पायरीवर?"

"सिद्रा, मी—"

"नको. दाखल कर तो कागद. माझी सही कुठे पाहिजे?"

तिने सही केली. तो दाराशी गेला तेव्हा तिने मागून बाटल्यांची बुचं ठोकायला सुरुवात केली होती.

अटकेचा हुकूम निघायला दीड वर्ष लागलं. तोवर डॉन गाउदियोसो मनिलाच्या एका इस्पितळात होते, आणि पोलीस दाराबाहेर खुर्ची टाकून बसले ते त्यांना पकडायला की त्यांची झोप मोडू नये म्हणून, हे कुणालाच सांगता आलं नाही. ते तिथेच वारले. शवपेटी विमानाने आली. जावई गव्हर्नर होता, त्याने प्रांताचा झेंडा अर्ध्यावर उतरवला, शाळांना सुट्टी दिली. मेल्या माणसावर खटला चालत नाही, म्हणून कोर्टाने प्रकरण बंद केलं. प्रार्थनेच्या दिवसांत व्हेलारमोंत्यांच्या अंगणात आख्खं शहर जेवून आलं. पुराही गेली. "न जाऊन कसं चालेल?" ती म्हणाली. "याच गावात राहायचंय आपल्याला." तेओपिस्तो घरी बसला, पण तिने पानात बांधून आणलेला भात त्याने खाल्ला. घरात दुसरं काही शिजवलेलं नव्हतं.

जबाब दिल्यामुळे बुलावानचा काही फायदा झाला नाही. उलट कोठडीतली माणसं त्याला चहाडखोर म्हणून मारत. तेओपिस्तो दर गुरुवारी त्याला भेटायला जायला लागला. खारवलेली मासळी, औषधाच्या गोळ्या, एखादा जुना सदरा नेई. बुलावान जेवे, तेओपिस्तो बघत बसे. एकदा बुलावान म्हणाला, "तुम्ही का येता, गोव्ह? मी तुमच्या माणसाला मारलंय."

"तुला दुसरं कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग झालं तर."

पावसाळा संपताना बुलावान गेला. बायको कधीच सोडून गेली होती, पोरं कुठे ते कुणाला ठाऊक नव्हतं. तुरुंगाने खोक्याच्या फळ्यांची पेटी दिली. स्मशानाच्या अगदी कडेला, खारफुटीकडच्या ओल्या जागेत खड्डा खणला होता. खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि पेटी खाली ठेवली तर ती तरंगायला लागली. पहारेकरी आणि तेओपिस्तोने बांबूने दाबून धरली तेव्हा खणणाऱ्याला माती लोटता आली.

तरुण पाद्रीला घाई होती, आणखी दोन दफनं होती. त्याने नोंदीसाठी पेन काढलं. "मयताचे आपण कोण? नातेवाईक?"

"नाही," तेओपिस्तो म्हणाला.

"मग काय लिहू?"

तेओपिस्तोने चिखलाचे हात विजारीला पुसले. "वकील लिहा," तो म्हणाला.